आईच्या विसरण्यावर टीएमएस? कुणी केलंय का?

पावसाळी_ढग:
आई ७१ वर्षांची. वर्षभर तेच तेच प्रश्न विचारतेय, परवा तर गॅस चालू ठेवून झोपून गेली. डॉक्टर म्हणाले एमसीआय, म्हणजे अजून डिमेन्शिया नाही पण विसरणं वयाच्या मानानं जास्त. भाऊ म्हणतो टीएमएस करू, शिवाय नेटवर डोक्याला हलका करंट देणारा हेडसेट बघितलाय, तो मागवायच्याच बेतात आहे. शॉक म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय असतं हे?

रिकामटेकडा७:
शॉक ट्रीटमेंट वेगळी हो, त्यात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात. टीएमएसमध्ये माणूस जागा असतो, खुर्चीत बसवून डोक्याला कॉइल लावतात आणि चुंबकीय झटक्यांनी मेंदूचा ठरावीक भाग चाळवतात. टकटक आवाज फार, कानात बोळे घालावे लागतात. अमेरिकेत डिप्रेशनसाठी २००८ पासून मान्यता आहे, अल्झायमरसाठी नाही. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवतात ते यंत्र) असेल किंवा फिट येत असतील तर आधीच सांगायचं.

जुनी_वही:
रोमच्या एका टीमचा २०२२ चा अभ्यास वाचलाय. अल्झायमरचे ५० पेशंट, प्रिक्युनियस नावाच्या भागावर टीएमएस, पहिले दोन आठवडे रोज (शनिवार-रविवार सोडून) आणि मग आठवड्यातून एकदा, एकूण २४ आठवडे. निम्म्यांना खोटी कॉइल. खोटीवाले घसरत गेले, खरीवाले साधारण जागेवर राहिले. नीट बघा, जागेवर राहिले, गेलेली आठवण परत आली असं नाही. आणि ५० म्हणजे मूठभरच.

रिकामटेकडा७:
हेडसेटचं मात्र भावाला थांबवा. त्या हलक्या करंटला टीडीसीएस म्हणतात, त्यात एक-दोन मिलीअँपियर करंट असतो, झोंबतं, पॅड कोरडा राहिला तर कातडी भाजते, आणि स्मरणशक्तीचं म्हणाल तर कुठे फायदा दिसतो कुठे काहीच नाही. बोस्टनमध्ये ६५ ते ८८ वयाच्या लोकांना डोक्याला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट देऊन चार दिवसांत शब्द आठवण्यात फरक पडला, महिनाभर टिकलासुद्धा, पण ती सगळी धडधाकट माणसं होती! जाहिरातवाले तेवढंच गाळतात.

अर्धवटराव_नाही:
बी१२, थायरॉइड तपासलंत? झोपेच्या गोळ्या? डिप्रेशन? ऐकू नीट येतं का? यातलं काही निघालं तर कॉइलबिइल लांबच राहिलं. एमसीआयवाले सगळेच डिमेन्शियाकडे जातात असंही नाही.

पावसाळी_ढग:
बी१२ चं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच करते. आणि ऐकण्याचं म्हणाल तर श्रवणयंत्र आहे हो, दोन वर्षं कपाटात पडलंय, कानात खुपतं म्हणून घालतच नाही. आम्ही समजतोय विसरली, तिला मुळात ऐकूच आलं नसेल तर?

अर्धवटराव_नाही:
पूर्ण विसरणं त्याच्यावर ढकलू नका, गॅसचं काही ऐकण्याशी संबंधित नाही. पण यंत्राचा साचा बदलून घ्या, खुपायचं थांबलं तर घालतील. आणि गॅसला ऑटो कट-ऑफ आजच बसवा.