दूरच्या डोंगरांतली गावं आणि माणसं : तुमचे अनुभव लिहा

रानवाट
आज एकादशीची रताळी उकडत ठेवली आणि त्या वाफेच्या वासाने मन थेट पापुआ न्यू गिनीच्या सिंबू प्रांतात पोचलं. तिथे रताळ्याला काउकाउ म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ जेवण तेच. जाऊन बरीच वर्षं झाली, नीट लिहिलं मात्र कधीच नव्हतं.

कुंडियावाहून पीएमव्हीने केगसुग्लपर्यंत. पीएमव्ही म्हणजे तिथली वडाप, मागे दोन बाकं टाकलेली जीप. माउंट विल्हेल्म (४५०९ मीटर) चढायला लोक तिथूनच निघतात. पिंडाउंडे तळ्यांपाशी मुक्काम करायचा आणि मध्यरात्रीनंतर चढायला लागायचं, कारण सकाळ जरा वर आली की ढग सगळं गिळतात. शिखराबद्दल एवढंच. मला सांगायचंय ते खालच्या गावांबद्दल.

उतरल्यावर आम्ही गावागावांतून चालत गेलो. तिथली बहुतेक सगळी जमीन कुळांच्या मालकीची आहे. आपल्याला नुसतं रान दिसतं, पण ओढा, झाडांची रांग, रताळ्याचे उंचवटे, सगळ्याला धनी असतो. एका ओढ्याशी आमचा वाटाड्या थांबला. पलीकडे त्याचं कुळ नव्हतं. त्याने मोठ्याने हाक दिली, पलीकडून एक मावशी आल्या, दोघांचं बराच वेळ बोलणं झालं आणि त्याने आम्हाला त्यांच्या ताब्यात दिलं. दिवसभर असंच, एका कुळाच्या हातून दुसऱ्याच्या हाती. इतकं सुरक्षित मला क्वचितच वाटलंय.

संध्याकाळी मुमू होता. खड्ड्यात तापलेले दगड, केळीची पानं, त्यात काउकाउ, मका, भोपळ्याचे कोवळे शेंडे. एक आजी माझ्याजवळ येऊन बसल्या. टोक पिसिन (तिथली सगळ्यांची जोडभाषा) बोलणाऱ्या नातवाकडून पहिला प्रश्न विचारला, तुझी मुलं कुणाजवळ आहेत? माझ्या आईजवळ म्हटल्यावर त्यांचा चेहरा निवळला. मग त्यांनी वडिलांनी पाहिलेल्या पहिल्या विमानाची गोष्ट सांगितली. हात पसरून, तोंडाने आवाज काढत, बायका कशा गवतात पालथ्या पडल्या ते जमिनीवर झोपून दाखवलं! १९३३ साली सोनं शोधणारे ऑस्ट्रेलियन लीही बंधू आणि सरकारी अधिकारी जिम टेलर शेजारच्या वाघी खोऱ्यात आले, तोवर बाहेरच्या लोकांना त्या डोंगरांत एवढी वस्ती आहे हेच माहीत नव्हतं. वाचलं होतं मी हे. पण ज्यांच्या डोक्यावरून ते विमान गेलं त्यांच्या लेकीकडून ऐकताना अंगावर काटा आला.

तुम्हीही लिहा. उष्ण देशातले कुठलेही उंच डोंगर चालतील.

मृद्गंध
काय लिहिलंयस ताई!! दूध उतू गेलं वाचता वाचता. अजून लिही ना. त्या ओढ्यावरच्या मावशींचं पुढे काय?

रानवाट
त्या बिलुम विणत विणत चालत होत्या गं. दोऱ्याची जाळीदार पिशवी, कपाळावरून पाठीवर सोडतात. त्यातच रताळी, त्यातच लाकडं, आणि दुसऱ्या बिलुममध्ये झोपलेलं तान्हं बाळ.

खडकवासी
१९३३ ला 'शोध लागला' असं लिहितात ते मला फार खटकतं. त्याच वाघी खोऱ्यात, माउंट हेगनजवळ कुक म्हणून दलदलीची जागा आहे. तिथे निदान ७००० वर्षांपूर्वीपासून चर खणून, पाणी काढून लोक शेती करत होते. २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली. रताळं तर तिथे गेल्या काही शतकांतलं, त्याआधी अळूचे कंद. मी गेलो तेव्हा बघण्यासारखं वरवर काहीच नव्हतं, गवत आणि चर. तिथला एक शेतकरी आजही तशाच चरांनी वाफे पाडत होता, त्याच्याजवळ बसलो तासभर. शेतीचा इतिहास त्याच्याकडूनच शिकलो म्हणा.

सुगरण_९
पूर्ण शाकाहारी माणसाचं निभतं का तिकडे? लेक मागे लागलीये.

रानवाट
निभतं. रताळी, मका, केळी, भोपळा, पालेभाज्या भरपूर. फक्त मुमूमध्ये डुक्कर त्याच खड्ड्यात असतं, आधी सांगितलं तर भाज्या वेगळ्या पानांत बांधतात. वाईट वाटून घेत नाहीत.

डोंगरयात्री
बालिएम खोरं. सीमेपलीकडचा, इंडोनेशियाकडचा पापुआ. पोलिसांकडून सुरात जालान म्हणजे प्रवासाचा परवाना घेतला, जयापुराहून विमानाने वामेना, तिथून चालायचं. वेताचा झुलता पूल, खाली नदीचा असा आवाज की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. माझ्यापुढे तिथल्या दानी जमातीची एक बाई, डोक्यावरून नोकेन (बिलुमसारखीच पिशवी), त्यात भाजी आणि वर डुकराचं पिल्लू. त्या पलीकडे पोचल्या, मागे वळून पाहिलं, ओझं खाली ठेवलं आणि परत पुलावर आल्या. माझं मनगट धरून नेलं. एक शब्द कळत नव्हता एकमेकांचा. पलीकडे गेल्यावर त्या 'वा वा वा' म्हणाल्या, मीही म्हणालो. राम राम झाला.
रात्री होनाईत. गोल घर, गवताचं जाड छप्पर, मध्ये विस्तव. पुरुष एकीकडे, बायका-मुलं दुसऱ्या घरात. विषुववृत्ताजवळ असूनही कडाक्याची थंडी, खोऱ्याचा तळच १६०० मीटरवर आहे. सध्या तिकडे हिंसाचार असतो अधूनमधून, जाणाऱ्यांनी आधी चौकशी करा.

मृद्गंध
परत पुलावर आल्या 🥹

खडकवासी
डोंगरयात्री, गुडघे कसे आहेत आता तुमचे? मागे ऑपरेशन म्हणत होतात.

डोंगरयात्री
झालं, छान आहेत. जिना चढतो न थांबता. विचारल्याबद्दल आभार दादा.

पाऊलखुणा
फिलिपिन्सच्या कॉर्डिलेरा डोंगरांतलं बटाड, भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांचं गाव. सगळे वरच्या कठड्यावरून फोटो काढतात आणि जातात. आम्ही खाली एका इफुगाव (तिथली जमात) कुटुंबाकडे राहिलो. जुनं घर चार खांबांवर, प्रत्येक खांबाला गोल लाकडी चकती, उंदीर वर चढू नये म्हणून. घरचे आजोबा पावसात ढासळलेला बांध रचत होते. दगड उचलायचा, फिरवून फिरवून बघायचा, नाही बसला तर खाली ठेवायचा. मी दगड हाताशी देत गेले, दुपार गेली. ते म्हणाले, सगळे खाचरं बघतात, वरचं रान कुणी बघत नाही. मुयोंग म्हणतात त्या रानाला. प्रत्येक घराण्याचं आपलं, तेच पाणी धरून ठेवतं आणि तेच खाली येतं. रान गेलं की खाचर गेलं.
ही खाचरं १९९५ मध्ये जागतिक वारसा, २००१ ते २०१२ धोक्याच्या यादीत. तरुण मुलं शहरात, भात वर्षाला एकदाच, गोगलगायी कोवळी रोपं खातात, मोठी गांडुळं बांध पोखरतात. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून नाही, घरच्या माणसाची तब्येत सांगावी तसं सांगितलं.

सुगरण_९
हे लेकीला आत्ताच पाठवलं. पाऊलखुणा, हिरवं कधी असतं तिथे?

अनवाणी
मी पटकन लिहिते, कुकर लावलाय. उत्तर लाओस, लुआंग नामथा, 'नाम हा' अभयारण्यातली अखा जमातीची वस्ती. वेशीवर लाकडी कमान असते, तिला हात लावायचा नाही, वाटाड्याने आधीच बजावलं. चढावर बायका पाठीवर ओझं घेऊन चालता चालता चातीवर सूत कातत होत्या! संध्याकाळी नळावर पोरींनी माझे केस विंचरून दिले. बाकी नंतर.

संथ_वाहते
मी लिहू की नको करत होते. तोराजा लोकांचा मुलूख, इंडोनेशियातलं सुलावेसी बेट. रांतेपाओजवळच्या गावात एका आजोबांचे अंत्यविधी होते, आम्हालाही बोलावलं. काळे कपडे, सोबत साखर न्यायची. तिथे माणूस गेला तरी विधी होईपर्यंत तो घरातच, आजारी म्हणूनच. कधी महिने, कधी वर्षं. सून रोज त्यांच्याशी बोलायची, जेवायला ठेवायची. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती, दवाखान्यातून थेट नेलं, घरी आणताच आलं नाही. त्या सुनेला मी हे सांगितलं. तिने मला आत, आजोबांजवळ नेलं आणि म्हणाली, यांना सांग, हे तिकडेच निघालेत. मी मराठीत बोलले त्यांच्याशी. खूप वेळ.

रानवाट
संथताई, जवळ असते तर येऊन बसले असते तुमच्यापाशी.

मृद्गंध
❤️

डोंगरयात्री
ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

पाऊलखुणा
सुगरणताई, लावणी जानेवारी-फेब्रुवारीत, कापणी जून-जुलैच्या सुमारास. एप्रिल-मे बघा. बनावेपर्यंत मनिलाहून रात्रीची बस आहे. आणि लेकीला सांगा, निदान एक रात्र खाली गावात राहा.

सुगरण_९
ती म्हणतेय आईपण चल. बूट कुठले घेऊ?

खडकवासी
बूट घेऊन आधी महिनाभर घरात घाला. आणि नखं कापून जा, उतारावर अंगठे जातात.