पहिल्या वर्षाला गावाची कामं सोडावीत का?

मलप्रभाकाठचा (खानापूर):
इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष संपलं आणि दोन विषय राहिले. आळस केला नाही. मंडळाचा खजिनदार होतो, संध्याकाळी दहावीच्या पोरांची शिकवणी घ्यायचो, नोव्हेंबरात सुगी, मग गावच्या साहित्य संमेलनाची वर्गणी. वर रोज बसनं बेळगाव गाठायचं. व्हीटीयूत, म्हणजे आमच्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, निम्मे गुण सेमिस्टर चालू असतानाच्या कामाचे असतात. त्या ५० पैकी २० पडले नाहीत तर त्या विषयाच्या शेवटच्या परीक्षेला बसताच येत नाही. हजेरी ८५ टक्के लागते. बारावीला मी शेवटचे दोन महिने जागून निभावलं होतं, इथं ते चालत नाही. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या सेमिस्टरला अभ्यासाबरोबर एकच काम धरावं आणि बाकीच्यांना तोंडावर नाही म्हणावं.

शहापूरचा कार्यकर्ता:
मला हे पटत न्हाई. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुठलंही संमेलन बघ की, खुर्च्या मांडणारी आणि पावत्या फाडणारी पोरं अठरा-वीस वर्षांचीच असत्यात. सीमाभागात मराठीचं काम करायला बाहेरनं कोण येणार हाय? पहिल्या वर्षाची पोरं बाजूला झाली की पुढच्या वर्षी ती परत येत न्हाईत, हे मी पंधरा वर्षं बघतोय. चार माणसांत उभं राहून बोलायला मी मंडळातच शिकलो. चूक तुझी न्हाई, एकट्या पोरावर सगळा हिशेब टाकणाऱ्यांची हाय. दोन खजिनदार नेमायचे होते.

निपाणीची बी.कॉम.वाली:
दादा, तुम्ही दोघंही सोडता येणाऱ्या कामांवर भांडताय. माझी आई विड्या वळते. सकाळचं पाणी, भाकरी, धाकट्याचा डबा माझ्याकडे. हे कोणाला नाही म्हणू? जून २०२३ पासून आम्हा मुलींना सरकारी बसचं तिकीट नाही, त्यामुळे पैशाचा प्रश्न सुटला, वेळेचा नाही. घरी पोहोचले की वही उघडायच्या आत हाक येते. शेवटी मी एवढंच केलं, तास संपल्यावर लगेच बस धरायची नाही. दीड तास ग्रंथालयात बसायचं आणि अभ्यास तिथंच संपवायचा. इंटर्नलच्या, म्हणजे कॉलेजातल्या चाचण्यांच्या, तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेननं लिहिल्या. आईला वाचता येत नाही, पण लाल दिसलं की ती मला उठवत नाही.

कॉलेजातली एक शिक्षिका:
मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं एक काम कोणीच मोजत नाही, ते म्हणजे इंग्रजी. मराठीत एका बसणीत होणारा धडा पहिल्या सेमिस्टरला सगळी संध्याकाळ खातो. मुलांना वाटतं आपल्याला डोकं नाही, म्हणून ती वर्गात गप्प बसतात आणि बाहेर जिथं शाबासकी मिळते तिथं जास्त रमतात. खानापूरकर, तुमच्याबाबतीत असं झालं का, तेवढं मनाशी तपासा. बाकी ‘एकच काम’ हा हिशेब मला मान्य नाही. गणपतीचे अकरा दिवस संपतात, कापणी संपते. शिकवणी आणि खजिनदारी वर्षभर संपत नाही. ज्या कामाला शेवटची तारीख आहे ते खुशाल घ्या.

मलप्रभाकाठचा:
बाई, झालं तसं. वर्गात मला प्रश्न विचारायची भीती वाटायची आणि शिकवणीत पोरं मला सर म्हणायची. हे आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. निपाणीच्या ताई, तुमचं वाचून माझा नियम मागे घेतो, तो फक्त माझ्यासारख्या पोरांसाठी होता. शिकवणी सोडतोय. पण शहापूरच्या दादांचं अजून पटत नाही. दोन खजिनदार कागदावर होतात, रात्री अकराला फोन एकालाच येतो.

शहापूरचा कार्यकर्ता:
फोनचं खरं हाय. यंदा आमच्या मंडळात इंटर्नलच्या आठवड्यात कॉलेजच्या पोरांना फोन करायचा न्हाई, हे मी बैठकीत मांडतो.

निपाणीची बी.कॉम.वाली:
आणि सुगीचं काय करणार?

मलप्रभाकाठचा:
पिकलेलं भात उभं ठेवलं तर गळतं, ते माझ्या परीक्षेसाठी थांबणार नाही. वडील म्हणालेत, आपली कापणी शनिवार-रविवारी लावू. पैऱ्याच्या, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीनं राबणाऱ्या, घरांना आत्ताच सांगून ठेवलंय.