'जस्ट बिफोर डॉन' (१९८१): संथपणा हा दोष की बलस्थान? (चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रानवाट

जेफ लीबरमन यांनी दिग्दर्शित केलेला 'जस्ट बिफोर डॉन' हा अमेरिकन स्लॅशरपट, म्हणजे एकामागून एक खून करणाऱ्या मारेकऱ्याचा भयपट, मी नुकताच दुसऱ्यांदा पाहिला आणि पहिल्या वेळी झालेल्या माझ्या मताविषयी मलाच शंका वाटू लागली. पाच तरुण मित्रमैत्रिणी, त्यांच्यापैकी वॉरनच्या नावावर असलेली डोंगरातली जमीन, पुढे जाऊ नका असे बजावणारा वनरक्षक आणि जंगलात दबा धरून बसलेला मारेकरी, एवढेच कथेचे भांडवल आहे. सुरुवातीला पडक्या चर्चमध्ये एक खून होतो आणि त्यानंतर बराच वेळ फक्त चालणे, पोहणे आणि गप्पा. पहिल्या वेळी याच भागात माझे लक्ष उडाले होते.

या वेळी मात्र धबधब्याखालच्या डोहाच्या प्रसंगाने मला धरून ठेवले. या पाच जणांपैकी मेगन पोहत असताना पाण्याखालून कोणाचे तरी हात तिला स्पर्श करतात, तो त्यांच्यातलाच जोनाथन असणार असे समजून ती हसते आणि मग तिला जोनाथन भलतीकडेच दिसतो. रक्ताचा एक थेंबही न दाखवता केलेला हा प्रसंग संपेपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो. ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे, त्यांना ही संथ गती खरोखर परिणामकारक वाटते का? चर्चेत शेवट उघड होईल, त्यामुळे ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी येथेच थांबावे.

जुनी रिळे

माझ्या मते ती गती नसती, तर या चित्रपटात पाहण्यासारखे फारसे उरलेच नसते. त्याचे चित्रीकरण ओरेगन राज्यातल्या सिल्व्हर फॉल्स स्टेट पार्कमध्ये झाले आहे आणि तिथल्या उंच वृक्षांपुढे व धबधब्यांपुढे माणसे इतकी लहान दिसतात की मारेकरी पडद्यावर नसतानाही धोका जाणवत राहतो. 'फ्रायडे द थर्टीन्थ' १९८० मध्ये गाजल्यानंतर आलेल्या लाटेत याचीही गणना होते, पण याचे खरे नाते १९७२ च्या 'डिलिव्हरन्स'शी आहे: शहरातली माणसे रानात शिरतात आणि ते रान त्यांना आपले मानत नाही.

ब्रॅड फिडेल यांच्या संगीताचाही उल्लेख करायला हवा. पुढे १९८४ मध्ये 'द टर्मिनेटर'ला संगीत देणाऱ्या या संगीतकाराने येथे शिट्टीसारखा एक सूर वापरला आहे. तो दरीतून येतो आहे की पात्रांपैकी कोणी वाजवतो आहे, याचा पटकन उलगडा होत नाही आणि त्या अनिश्चिततेतच भीती दडलेली आहे.

सांजवेळ

निसर्गचित्रणाबद्दल दुमत नाही, पण माझे आक्षेप गंभीर आहेत. रात्रीचे प्रसंग, निदान मी पाहिलेल्या जुन्या प्रतीत, इतके अंधारे आहेत की कोण कुठे पळते आहे हेच कळत नाही. जॉर्ज केनेडी यांच्यासारख्या ऑस्करविजेत्या अभिनेत्याला वनरक्षक म्हणून घेऊन त्यांच्याकडून घोड्यावरून फिरण्यापलीकडे फारसे काही करून घेतलेले नाही. ऐन वेळी येऊन बंदूक चालवण्यापुरते ते उरतात.

याहून मोठा आक्षेप मारेकऱ्यांविषयी आहे. ते जुळे भाऊ आहेत हे रहस्य चांगले राखले आहे, हे मान्य. परंतु डोंगरात राहणारे गरीब कुटुंब म्हणजे विकृत आणि जवळजवळ पशुवत, ही कल्पना अमेरिकन भयपटांनी वारंवार वापरली आहे आणि येथे तिला कोणताही छेद दिलेला नाही. त्या भावांना ना भाषा आहे, ना कारण.

पायवाट

त्या पाच जणांपैकी कॉन्स्टन्सचा कोणीही उल्लेख केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते, कारण माझ्यासाठी हा चित्रपट तिचाच आहे. त्या काळच्या अनेक स्लॅशरपटांत साधी आणि संयमी मुलगी वाचते. येथे मात्र सुरुवातीला बिचकणारी कॉन्स्टन्स उत्तरोत्तर अधिक मोकळी, अधिक रानटी होत जाते. शेवटी मारेकरी तिला मिठीत आवळून चिरडत असताना ती आपली मूठ त्याच्या घशात कोंबून त्याचा जीव घेते आणि वॉरन बाजूला पडून रडत राहतो. कॉन्स्टन्स साकारणाऱ्या डेबोरा बेन्सन यांचा त्या क्षणीचा चेहरा मी विसरू शकलेली नाही.

तिच्यातला हा बदल दाखवण्यासाठी मेकअप आणि तोकड्या कपड्यांचा आधार घेतला आहे, हे मात्र मला आजही खटकते. धैर्याचा लिपस्टिकशी काय संबंध?

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. सांजवेळ यांचा आक्षेप मला पटतो, तरीही त्याच संदर्भात एक गोष्ट मांडावीशी वाटते. वॉरन वनरक्षकाचे ऐकत नाही, कारण जमीन कागदोपत्री त्याची आहे. त्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या कोणी राहत असेल, हा विचारही त्याला शिवत नाही. शेवटी हतबल होऊन रडणाराही तोच, हा मला योगायोग वाटत नाही. दिग्दर्शकाने हे जाणीवपूर्वक केले असेल, तर डोंगरावरच्या त्या लोगन कुटुंबातल्या मेरी कॅट या मुलीला इतके थोडे प्रसंग का दिले असावेत? पुढच्या वेळी मी केवळ तिच्यासाठी हा चित्रपट पाहणार आहे.