शब्दचर्चा : ‘विषारी वायू’ आणि ‘रासायनिक अस्त्र’

प्रश्न : इराण-इराक युद्ध किंवा सीरियातील यादवी यांविषयीच्या मराठी लेखनात ‘विषारी वायूचा हल्ला’ आणि ‘रासायनिक अस्त्रांचा हल्ला’ हे शब्दप्रयोग सर्रास एकमेकांच्या जागी येतात. दोहोंत फरक मानावा काय? शिवाय ‘अस्त्र’ योग्य की ‘शस्त्र’?

प्रतिसाद १ : फरक अवश्य मानावा. ‘विषारी वायू’ म्हटल्याने केवळ पदार्थाचे वर्णन होते. ‘रासायनिक अस्त्र’ म्हणताना तो पदार्थ कशासाठी वापरला, हेही सांगितले जाते. १९९७ पासून अमलात असलेला रासायनिक अस्त्रबंदी करार याच हेतूच्या निकषावर उभा आहे. क्लोरीन पाणी निर्जंतुक करण्यासाठी जगभर वापरला जात असल्याने त्याच्या उत्पादनावर बंदी नाही; परंतु माणसे मारण्यासाठी तोच वस्तीवर सोडला, की तो रासायनिक अस्त्र ठरतो. सीरियात दूमा येथे ७ एप्रिल २०१८ रोजी क्लोरीनच्या दोन टाक्या निवासी इमारतींवर टाकण्यात आल्या, असा निष्कर्ष हेगच्या रासायनिक अस्त्रबंदी संघटनेच्या तपास पथकाने २०२३ मध्ये काढला.

‘वायू’ या शब्दाने आणखी एक घोटाळा होतो. ज्याला आपण मस्टर्ड वायू म्हणतो, तो नेहमीच्या तापमानाला तेलकट द्रव असतो आणि १४ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतो. त्याचे तुषार कपड्यांवर आणि जमिनीवर टिकून राहतात, कातडीवर फोड येतात ते काही तासांनी, आणि तोवर बाधित माणसाला आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाही नसते. (‘मोहरीचा वायू’ हे भाषांतर तर कृपया कोणी करू नये, मोहरीशी त्याचे नाते फार तर वासापुरते आहे.) सारिन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विषही मुळात द्रवच आहे, मात्र त्याची वाफ झपाट्याने होते. अशी वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खाली साचते. १६ मार्च १९८८ रोजी इराकमधील हलब्जा या कुर्दी शहरात बाँबहल्ल्यापासून वाचण्यासाठी जी कुटुंबे तळघरांत उतरली होती, त्यांच्या जिवावर हेच बेतले.

‘अस्त्र’ हा शब्द ‘फेकणे’ या अर्थाच्या ‘अस्’ धातूपासून आला आहे. हातात धरून चालवायचे ते शस्त्र आणि सोडायचे ते अस्त्र, हा जुना भेद येथे नेमका बसतो. ‘शस्त्र’ लिहिल्यास अर्थहानी होत नाही, पण माझी पसंती ‘अस्त्रा’लाच.

प्रतिसाद २ : हेतूचा निकष मान्य. मग अश्रुधूर कोठे बसवायचा?

प्रतिसाद १ : त्याच निकषावर. जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना त्याची मुभा आहे. युद्धाचे साधन म्हणून त्याचा वापर याच कराराने निषिद्ध ठरवला आहे.

प्रतिसाद ३ : ‘रासायनिक अस्त्रां’सोबत ‘जैविक अस्त्रे’ही येतात, म्हणून ‘जैविक’ या शब्दाविषयी थोडी भर घालतो. शेतीच्या लेखनात हा शब्द रासायनिकच्या विरुद्ध अर्थी, जवळजवळ कौतुकाने वापरला जातो; येथे मात्र रोगजंतू आणि सजीवांपासून मिळणारी विषे, दोन्ही त्यात येतात. म्हणूनच एरंडाच्या बियांतील रिसिन हे जैविक आणि रासायनिक अशा दोन्ही करारांच्या कक्षेत आहे. मला स्वतःला ‘जंतुयुद्ध’ हा जुना शब्द अधिक बोलका वाटतो, पण विषे त्यातून निसटतात.

‘बंदी’ हा शब्दही जपून वापरावा. १९२५ च्या जिनिव्हा शिष्टाचाराने (‘प्रोटोकॉल’ या अर्थी, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने) रासायनिक व जैविक अस्त्रांचा युद्धातील वापर निषिद्ध केला. निर्मिती व साठा यांना हात लावला नाही. जैविक अस्त्रांची निर्मिती आणि साठा १९७२ च्या कराराने निषिद्ध केला, परंतु त्याला रासायनिक करारासारखी पडताळणीची यंत्रणा नाही. त्यामुळे दोन शेजारी देश एकमेकांवर जंतुसंशोधनाचे आरोप करतात, तेव्हा ‘आरोप’, ‘संशय’ आणि ‘निष्पन्न’ यांपैकी कोणता शब्द निवडावा, हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही.

प्रतिसाद २ : याच ओघात ‘सही’ आणि ‘अनुसमर्थन’ (सहीनंतर देशाने कराराला दिलेली बंधनकारक मान्यता) यांचाही विचार व्हावा. रासायनिक करारावर इजिप्तची सहीच नाही. इस्रायलची सही आहे, परंतु अनुसमर्थन नाही. ‘इस्रायल करारात सामील आहे’ असे लिहिणे त्यामुळे चुकीचे ठरते.