बॅकअप क्यूबी: स्वस्तातला पोरगा की जुनं खोड?

अमेरिकन फुटबॉलमधे बॉल फेकून डाव चालवणारा तो क्वार्टरबॅक, म्हणजे क्यूबी, आणि तो जायबंदी झाला की उतरणारा राखीव क्यूबी म्हणजे बॅकअप. "बॅकअपवर पैसे कशाला घालवायचे, ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला) एखादा स्वस्तातला पोरगा ठेवा" असं लोक म्हणतात, हे काही पटलं नाही बुवा. आठवडाभर प्रॅक्टिसमधे जवळपास सगळे स्नॅप (डाव सुरू करताना मिळणारे बॉल) स्टार्टर, म्हणजे मुख्य क्यूबीच घेतो, बॅकअप बिचारा बाजूला उभा राहून बघणार आणि रविवारी मॅचमधे अचानक हेल्मेट घालून आत जा म्हणणार, मग तिथे नवखा पोरगा काय करणार, प्लेबुक (टीमच्या ठरलेल्या डावांची वही) डोक्यात पक्कं बसलेलं असलं तरच निभाव लागतो.

ईगल्स टीमचंच बघा ना, डिसेंबर 2017 मधे त्यांचा स्टार्टर वेंट्झचा गुडघा गेला तेव्हा सगळ्यांनी सीझन संपला म्हणून हात टेकले होते. बॅकअप फोल्स आला, कोच पीडरसनने (हा गडी स्वतः फार्व या नावाजलेल्या क्यूबीचा बॅकअप होता, त्याला ते दुखणं माहीत) त्याला झेपतील असे प्ले दिले आणि सुपर बोलमधे (लीगच्या फायनलमधे) पॅट्रिअट्सना 41-33 हाणलं! त्यात हाफटाइमच्या आधी, फोर्थ डाउन (चौथी, शेवटची संधी), गोल लाइन समोर, आणि बॉल फेकायचा सोडून फोल्सनेच एंड झोनमधे (गोल लाइनपलीकडे, जिथे कॅच म्हणजे पॉइंट्स) कॅच घेतला, एमव्हीपी (सामनावीर) पण तोच.

हां, फोर्टीनाइनर्स टीमचा क्यूबी पर्डी 262 वा म्हणजे ड्राफ्टमधला शेवटचा पिक असून चालला, मान्य, पण अशी लॉटरी रोज लागते का? आणि जानेवारी 2023 मधे त्याचंच कोपर गेलं, त्याच्या जागी आलेला बॅकअप जॉन्सनही डोक्याला मार लागून बाहेर, मग पर्डीलाच परत उतरवलं, त्याला धड लांब फेकताही येईना. त्यानंतरच लीगने इमर्जन्सी तिसऱ्या क्यूबीचा (पहिले दोघे बाद झाले तर उतरणाऱ्याचा) नियम परत आणला.