ग्रीक पुतळ्यांच्या पायाशी झाडाचं खोड का असतं?

भटकभवानी:
मंडळी, नेपल्सच्या म्युझियममधल्या त्या भालावाल्या पुतळ्याचे म्हणजे डोरिफोरोसचे फोटो बघत होते. अंग काय घडवलंय, पोटावरचे स्नायू, गुडघ्याची वाटी, सगळं जिवंत, आणि मग उजव्या पायाला चिकटून झाडाचं एक खोड! इतक्या कसबी माणसाने ते का ठेवलं असेल? आणि दुसरं म्हणजे त्याआधीचे जे ताठ उभे पुतळे आहेत ते आणि हा, यात दीडशे वर्षांचंच अंतर आहे म्हणतात, एवढा फरक पडला कसा? ग्रीकांची चित्रं तर कुठे दिसतच नाहीत. जाणकारांनी जरा सविस्तर लिहा प्लीज.

ओतारी:
खोड मूळ शिल्पकाराचं नाहीच. पॉलिक्लाइटोसने हा पुतळा इ.स.पू. ४४० च्या आसपास ब्राँझमध्ये केला होता, तो गेला. नेपल्सला आहे ती रोमन काळातली संगमरवरी नक्कल, पॉम्पेईत सापडलेली. ब्राँझचा पुतळा आतून पोकळ असतो, वजनाला हलका आणि ताकदीला चिवट, त्यामुळे तो दोन घोट्यांवर आरामात उभा राहतो, पण तीच पोझ संगमरवरात करायची तर सगळं वजन घोट्यावर येतं आणि दगड तिथेच तुटतो, म्हणून नक्कल करणाऱ्याने खोडाचा टेकू दिला.

ब्राँझची पद्धत अशी की मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर, त्यावर परत माती, मग भाजायचं, मेण वितळून निघून जातं आणि त्या रिकाम्या जागेत धातू ओतायचा. मोठे पुतळे तुकड्यातुकड्याने ओतून जोडायचे. १९७२ साली इटलीत रियाचेजवळ समुद्रात योद्ध्यांचे दोन ब्राँझ पुतळे सापडले त्यांचे ओठ तांब्याचे आहेत आणि एकाचे दात चांदीचे! असे पुतळे शेकड्यांनी होते, पण ब्राँझ वितळवून परत वापरता येतं ना, नंतरच्या लोकांनी तेच केलं. वाचले ते बहुतेक बुडालेल्या जहाजांतले नाहीतर गाडले गेलेले. ग्रीसमधल्या डेल्फीचा सारथी हा ब्राँझ पुतळा दरड कोसळून गाडला गेला म्हणून आज आहे, त्याच्या पापण्यांचे केससुद्धा तांब्याचे आहेत, झूम करून बघाच.

शिळाप्रेमी:
ओतारींशी सहमत. ताठ पुतळ्यांबद्दल लिहितो. त्यांना कूरोस म्हणतात, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधला इ.स.पू. ५९० ते ५८० च्या सुमाराचा आहे. डावा पाय पुढे, मुठी मांडीशी, भार दोन्ही पायांवर सारखा, ही उभं राहण्याची तऱ्हा इजिप्तची. पण इजिप्तचे दगडी पुतळे सहसा पाठीमागच्या खांबाला चिकटलेले असतात आणि हात नि अंग यांच्यामध्येही दगड राखलेला असतो, ग्रीकांनी तो कोरून काढून टाकला आणि माणूस सुटा उभा केला, माझ्या मते खरी उडी इथेच आहे. अनाविसोसचा कूरोस (साधारण ५३०) बघा, मांड्या गाल भरलेत पण उभं राहणं तेच. आणि मग ४८० च्या सुमारास 'क्रिटिओसचा मुलगा' (क्रिटिओस हे शिल्पकाराचं नाव), जेमतेम चार फुटी पुतळा, भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, त्यामुळे कंबर एका बाजूला किंचित वर आणि मान थोडी वळलेली. बास, एवढंच केलंय, पण एका पायावर भार टाकला की कंबर, पाठ, खांदे सगळंच हलतं हे दगडात पकडलंय. पॉलिक्लाइटोसने पुढे त्याचं पक्कं गणित बसवलं.

अशीच नजर वास्तुकलेतही दिसते. अथेन्सचं देऊळ पार्थेनॉन (इ.स.पू. ४४७ ते ४३२) सरळ रेषांचं वाटतं पण त्याची जमीन मधे फुगीर आहे, लांब बाजूला साधारण ११ सेंटीमीटर, आणि खांब किंचित आत कललेले.

रंगपेटी:
चित्रं लाकडी फळ्यांवर आणि भिंतींवर होती, म्हणून गेली. मडक्यांवरची उरली कारण भाजलेली माती कुजत नाही. अथेन्समध्ये इ.स.पू. ५३० ते ५२० च्या सुमारास काळ्या आकृत्यांऐवजी लाल आकृत्या सुरू झाल्या, म्हणजे पार्श्वभूमी काळी आणि माणूस मातीच्या रंगाचा, त्यामुळे आतल्या रेषा टोकाने कोरायच्याऐवजी ब्रशने काढता यायला लागल्या आणि वळलेलं अंग, पाठमोरा माणूस दाखवणं सोपं झालं. भित्तिचित्र बघायचं तर उत्तर ग्रीसमधल्या व्हर्जिनाच्या थडग्यातलं, १९७७ साली पुरातत्त्वज्ञ आंद्रोनिकोस यांना सापडलेलं, पाताळाचा देव हेडीस पर्सेफनी देवीला रथातून पळवून नेतोय ते. काय वेग आहे हो त्या रेषांत!

आणि पुतळे पांढरे नव्हतेच, रंगवलेले असायचे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की ग्रीक शिल्पकार प्राक्सिटेलीसला त्याचे कुठले संगमरवरी पुतळे आवडतात असं विचारलं तर तो म्हणाला, ज्यांना निकियासचा हात लागलाय ते. निकियास चित्रकार होता.

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरकरांनो, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) छोटी ब्राँझ मूर्ती आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमन व्यापाराच्या काळात इकडे आलेली, पण घडण ग्रीक वळणाची.

भटकभवानी:
बाप रे, मस्त माहिती, सगळ्यांना धन्यवाद! अथेन्सला जायचं चाललंय, एकाच ठिकाणी वेळ द्यायचा तर कुठे?

शिळाप्रेमी:
अक्रोपोलिस म्युझियम. इ.स.पू. ४८० मध्ये पर्शियनांनी अक्रोपोलिस (अथेन्सची देवळांची टेकडी) जाळलं, तेव्हाचे मोडके पुतळे अथेन्सकरांनी तिथेच पुरून टाकले, म्हणून काहींवर रंगाच्या खुणा अजून आहेत. पेप्लोस कोरे या तरुणीच्या पुतळ्याचे केस आणि ओठ जवळून बघा. क्रिटिओसचा मुलगाही तिथेच आहे, त्याला बाजूने आणि मागूनही बघा, नुसतं समोरून कंबर कळत नाही.