मदत हवी आहे: फळमाशीच्या मेंदूत एनसी82 अँटिबॉडी वरवरच चढतेय, आत अंधार

प्रश्न: प्रौढ माश्या, ओके107-गॅल4 आणि यूएएस-एमसीडी8-जीएफपी (या जोडीने मेंदूतली मशरूम बॉडी हिरवी चमकते; तिचे लोब पुढे, कॅलिक्स मागे). 4% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं फिक्स (ऊती टिकवून ठेवायला), पीबीएस बफरमध्ये 0.1% ट्रायटन (अँटिबॉडीला आत वाट करून देणारा डिटर्जंट), 5% गोट सीरममध्ये अर्धा तास ब्लॉकिंग (अँटिबॉडी नको तिथे चिकटू नये म्हणून). एनसी82 1:50 प्रमाणात, 4 अंशांवर एक रात्र. सेकंडरी (एनसी82 या प्रायमरीला चिकटणारी, लाल चमकणारी अँटिबॉडी) अलेक्सा 568, 1:400, दोन तास. नळीत 50 मायक्रोलिटर, त्यात 20 मेंदू. मेंदूचा पुढचा भाग वर ठेवून कॉन्फोकलवर (थराथराने चित्र घेणारा सूक्ष्मदर्शक) बघतो. लाल रंग 40-50 मायक्रॉनपर्यंत झकास, पुढे गायब. जीएफपी (अँटिबॉडी न लावता) मात्र पार मागच्या कॅलिक्सपर्यंत दिसतो. लेझर वाढवला की वरचा थर सॅच्युरेट होतो. काय चुकतंय?

उत्तर 1: आधी प्रकाश कमी पडतोय की स्टेन, ते ठरवा. मेंदू दोन कव्हरस्लिपांमध्ये बसवून एकदा सुलटा, एकदा उलटा बघा. मागची बाजू उलटल्यावर उजळली, तर दोष प्रकाशाचा. दोन्हीकडून मध्यभाग काळाच राहिला, तर अँटिबॉडी आत गेलेलीच नाही.

उत्तर 2: इथे उलटायचीही गरज नाही. हिरवा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त विखुरतो. तरी जीएफपी मागून दिसतोय, म्हणजे अँटिबॉडीच पोचलेली नाही. एनसी82 ब्रुचपायलटला चिकटते, आणि ते प्रथिन न्यूरोपिलभर (सिनॅप्सनी गच्च भरलेला मेंदूचा भाग) सिनॅप्सच्या अ‍ॅक्टिव्ह झोनमध्ये (जिथून संदेश सुटतो ती जागा) ठासून भरलेलं. बाहेरचे थरच सगळी अँटिबॉडी पिऊन टाकतात. त्यात 20 मेंदूंना 50 मायक्रोलिटर म्हणजे उपासमारच. नळीत 5-6 मेंदू, 200 मायक्रोलिटर, एनसी82 1:20 ते 1:30, ट्रायटन 0.5%. प्रायमरी आणि सेकंडरी दोन्ही 4 अंशांवर दोन-दोन रात्री, हलवत ठेवून. सेकंडरीचे दोन तास तर फारच थोडे. बहुतेक जण प्रायमरी वाढवतात आणि हे विसरतात. मधले वॉश तीन, प्रत्येकी अर्धा तास. फिक्सिंग आहे तेच ठेवा, लांबवलं तर आत शिरणं आणखी अवघड होतं.

मेंदू काढताना वरच्या चंदेरी ट्रेकिया (हवेच्या नळ्या) बारीक चिमट्याने सोलून घ्या. हवा राहिली तर मेंदू तरंगतो आणि खालच्या भागावर काळे पट्टे पडतात.

प्रश्नकर्ता: आणि 63एक्स ऑइलने सगळा मेंदू घेता येईल?

उत्तर 2: अवघड आहे. त्या लेन्सचं वर्किंग डिस्टन्स (लेन्सपासून किती खोलवर फोकस होतो ते अंतर) 0.2 मिलिमीटरहून कमी, आणि मेंदूची जाडीही जवळपास तेवढीच. पूर्ण स्टॅक (सगळ्या थरांची चित्रं) 20एक्सवर घ्या, 63एक्स फक्त वरच्या लोबसाठी. कॅलिक्स हवा असेल तर मागची बाजू वर. आणि स्लाइडवर कव्हरस्लिपचे तुकडे टेकू म्हणून दोन्हीकडे लावाच, नाहीतर मेंदू चपटा होऊन लोबांची मापं चुकतील.

उत्तर 1: खोलीनुसार लेझर वाढवायची सोय असते, ती आकार बघायला वापरा. तीव्रता मोजायची असेल तर बंद ठेवा.